मनगटाची विश्वकर्मा पूजा

माझा उजवा हात संपावर गेला तेव्हा मी लग्नाच्या फोटोंचे रंग दुरुस्त करत होते. हाच माझा धंदा. फोटोग्राफर लोक पोत्याने फोटो पाठवतात आणि मी भिलाईतल्या जुनवानीच्या घरात बसून कुणाचा अंधार उजळते, कुणाचा पिवळेपणा काढते, नवरीच्या मामाच्या टकलावरची चकाकी कमी करते. सगळे माउसने. किती क्लिक झाले ते मी कधी मोजले नाही, मनगटाने मात्र मोजले. दुर्गच्या डॉक्टरांनी ते दाबून पाहिले, मी किंचाळले, आणि ते शांतपणे म्हणाले, "माउस सोडा." मी म्हटले, मग खाऊ काय? त्यावर त्यांनी क्रेप बँडेज लिहून दिले.

डाव्या हाताने माउस धरून पाहिला, तर बाण पडद्यावर दारू प्यायल्यासारखा हिंडायला लागला. मग ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मित्राने त्याचा जुना म्युझिक कंट्रोलर दिला. काळा चपटा डबा, त्यावर खालीवर सरकणाऱ्या दांड्या आणि फिरवायची बटणे. गंमत अशी की हा डबा स्वतः काहीच वाजवत नाही. तो कॉम्प्युटरला फक्त कळवतो की तिसरी दांडी एवढी वर गेली. मग त्या निरोपाचे काय करायचे ते कॉम्प्युटरने ठरवायचे. आवाज वाढवायचा तर वाढवा. मी म्हटले, आवाज कशाला, उजेड वाढवू!

एक लहानसे सॉफ्टवेअर मधे दुभाष्या म्हणून बसवले, आणि पहिली दांडी हलवली. पडद्यावरचा नवरदेव हळूहळू अंधारातून बाहेर आला. मी खुर्चीतून उठून नाचले. खरेच नाचले, बँडेजसकट. दुसऱ्या दांडीने त्याची शेरवानी निळसर केली, तिसरीने सावल्या फिकट केल्या. कुठली दांडी कशाची ते लक्षात राहावे म्हणून प्रत्येकीला आईची एकेक टिकली लावली. लाल म्हणजे उजेड, पिवळी म्हणजे रंगाची ऊब, आणि ती मोठी चमचमती लग्नातली टिकली सावल्यांना.

मग मला चेवच आला. ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले पायाने दाबतात ते पेडल आणले आणि त्यावर 'पुढचा फोटो' बसवला. भाचा सुट्टीत विसरून गेलेला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर होता, त्याच्या अंगठ्याने हलवायच्या काड्यांवरही उजेड आणि रंग चढवले. आई दाराशी येऊन बघायची.

"पेटी घेतली म्हणतं, अन् वाजवून तं राहिली नाई तू?"

"वाजवूनच राहिली ना आई. बघ, नवरी उजळली."

"नवरी वाजते का कुठं?" आई हसत सुटली. पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून पेडलपाशी स्टूल ओढले, शिलाई मशीनवर बसते तशी बसली आणि सवयीने पाय चालवत सुटली. हळद, मेंदी, वरात, बिदाई डोळ्यांसमोरून भर्रकन गेली. आमच्या घरात लग्न इतक्या झपाट्याने कधीच लागले नव्हते.

बाबा मात्र लांबून बघत. बाबांनी सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवण्यात काढली. छपराखाली उंचावर धावणारी क्रेन, तिच्या केबिनमध्ये लिव्हर घेऊन बसायचे आणि खालचा माणूस हाताने खुणा करील तसा लोखंडाचा भार उचलायचा. रिटायर झाल्यापासून त्यांचा उजवा खांदा कानापर्यंत हात नेऊ देत नाही. त्याबद्दल ते बोलत नाहीत. भांगही डाव्या हाताने पाडतात.

याच सुमारास रायपूरच्या एका मोठ्या स्टुडिओने परीक्षा म्हणून उन्हाळ्यातल्या एका लग्नाचा अल्बम पाठवला. "दीदी, शाम तक भेज दो। पसंद आया तो देवउठनी के बाद पूरा सीझन आपका।" देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशी, तिच्यानंतर लग्नांचा मोसम सुरू. पूर्ण सीझन! जमले तर हाताचे दुखणे सांभाळूनही धंदा टिकणार होता, नाही तर डॉक्टरांचेच खरे. संध्याकाळ होती ती नेमकी विश्वकर्मा पूजेची. आणि दांड्या सरकवण्याच्या नादात मी आदल्या दोन दिवसांत इतकी बसले होते की मनगट परत सुजले होते. ते दिसू नये म्हणून मी फुल बाह्यांचा कुर्ता घालून घरात फिरत होते.

विश्वकर्मा पूजेला, म्हणजे औजारांच्या पूजेला, भिलाईत सकाळपासून ट्रकना हार, ऑटोंना हार, पंक्चरवाल्याच्या पंपालाही हार. प्लांटमध्ये असताना बाबा या दिवशी क्रेनची पूजा करायचे. रिटायर झाल्यापासून बिचारे स्कूटर आणि मिक्सरवर भागवत होते. मी आंघोळ करून बाहेर आले, तर बाबा पाट मांडून माझ्या कंट्रोलरसमोर बसलेले. ओले कुंकू, हळद, झेंडू, नारळ फोडून त्याचे पाणी शिंपडलेले, आणि वर मूठभर अक्षता. दांड्यांच्या खाचांमध्ये ओले तांदूळ भरभरून बसले होते.

"बाबा!"

"ओरडू नको. पूजा झाली. आज याले कोणी हात नाई लावाचा. औजाराची सुट्टी असते."

मी लाल टिकलीची दांडी सरकवली. कर्रर्र. जागची हलली नाही.

"अहो, मले संध्याकाळपर्यंत फोटो द्यायचे आहेत! तुमच्या भट्टीले सुट्टी होती का या दिवशी?"

लोखंडाची भट्टी बारा महिने तेरा काळ पेटलेली असते, हे भिलाईत शेंबडे पोरही सांगेल. मला वाटले, जिंकले. पण त्यांनी माझा उजवा हात धरला, बाही वर केली, सुजलेल्या मनगटाकडे पाहिले, आणि थेट त्यावर हळदीकुंकवाचे बोट टेकवले. वर दोन अक्षता.

"हे बी औजारच आहे. आज याले सुट्टी."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो तं टीव्ही आहे. त्याची कायची पूजा?"

मी कपाळावर हात मारला, तोसुद्धा डावा. मग ध्यानात आले की पेडलला टिळा लागलेला नाही. भाच्याच्या गेम कंट्रोलरलाही नाही. ती खेळणी ना, बाबांच्या हिशेबात औजारेच नव्हती!

आई पेडलवर बसली. डाव्या हाताने मला काड्या जमत नव्हत्या, म्हणून बाबांनी चष्मा पुसला आणि गेमच्या काड्या मांडीवर धरल्या. मी सोफ्यावर, उजवा हात उशीवर महाराणीसारखा. "बाबा, थोडा उजेड वाढवा." बाबांनी काडी टोकापर्यंत नेली. क्रेनच्या लिव्हरला टप्पे असतात, खटखट करत शेवटच्या टप्प्यावर जाण्याची सवय. नवरी भट्टीतून नुकत्याच काढलेल्या लोखंडासारखी पांढरीफटक झाली. "कमी, कमी!" ती काळीठिक्कर. "रंग, रंग!" नवरदेव निळा. आई पोट धरून हसायला लागली, हसताना पाय पडला, आणि वरात निघून सासूबाई आल्या. मीही इतकी हसले की ठसका लागला. पण घड्याळ काही हसत नव्हते, आणि मला आतून रडू येत होते. सीझन गेला, बाई.

"तू तोंडानं कावून सांगून राहिली?" बाबा वैतागले. "प्लांटच्या शॉपमधे आवाज आयकू येत नाई कोनाले. सिग्नल दे. डाव्या हातानं."

"कसला सिग्नल?"

त्यांनी दाखवला. बोट वर करून गोल फिरवले की चढव. बोट खाली करून फिरवले की उतरव. अगदी जरासे हवे असेल तर बोटांची चिमटी. आणि मूठ म्हणजे थांब, काहीही झाले तरी थांब. मी बोट वर करून फिरवले. उजेड चढू लागला. चिमटी केली, बाबांचा अंगठा काडीवर मुंगीच्या पावलाने सरकला. मूठ. नवरीचा गाल अगदी हवा तसा. मी आईकडे बोट केले, पाय पडला, पुढचा फोटो.

मग जे काही सुरू झाले ना! मी डावा हात नाचवत होते, बाबा काड्या चालवत होते, आई पेडल. कुणी बोलत नव्हते, फक्त मधूनच आई खिदळायची. शेजारच्या काकू प्रसाद घेऊन आल्या, दारातूनच आमच्याकडे बघत राहिल्या आणि ताट ठेवून निमूट परत गेल्या. गावात काय सांगितले कोण जाणे. उन्हे कलायच्या आत अल्बम रायपूरला गेला.

दिवेलागणीला स्टुडिओवाल्याचा फोन आला. "दीदी, थोड़ा पीला है। पर लड़कीवाले बोले, हल्दी जैसा लग रहा है, अच्छा है। सीझन आपका।" पिवळेपणा बाबांचा. त्यांचे म्हणणे, लग्नघर पिवळेच दिसते. मी ओरडत स्वयंपाकघरात पळाले, आईला उचलायला गेले आणि टिळ्याची आठवण होऊन थांबले.

परत आले तेव्हा बाबा नुसत्या बनियनमध्ये बसून उरलेले कुंकू वाटीत गोळा करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं क्रेनले टिळा लावला मी. खांद्याले कधी लावाचं सुचलंच नाई."

मग मी वाटी त्यांच्या हातातून घेतली, डाव्या हाताचे बोट बुडवले आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर, बनियनवरूनच, भलामोठा टिळा लावला. अक्षता टाकल्या. त्या घरंगळत खाली गेल्या.

आई दारातून ओरडली, "अवो बाई! हा डाग आता कोन धुईन?"

बाबा खांदा सावरून भिंतीला टेकले. "मी नाई," ते म्हणाले. "माह्या खांद्याले आज सुट्टी आहे."