सुमंतकाकांचा पळता कॉम्प्युटर

आमचे सुमंतकाका सांगलीत कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवतात. माणूस विद्वान, पण महाचिकट! अठ्ठ्याण्णव साल उजाडलं, जुना कॉम्प्युटर रेंगाळायला लागला, तर नवा घ्यायचं सोडून यांनी त्याच म्हाताऱ्याला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं ठरवलं. त्याला ती धाव सोसणारी रॅम हवी, आणि तीही स्वस्तातली.

मग मिरजेच्या दुकानात जुन्या रॅमच्या पट्ट्यांचा डबा पुढ्यात घेऊन काका स्थळ बघायला आल्यासारखे बसायचे. आधी कोणाकडे होती? तापट आहे का? मध्येच रुसते का? एखादी पट्टी घरी आणायची, वेग वाढवायचा, कॉम्प्युटर हँग झाला की परत करायची. पुढंपुढं तर दुकानदार यांना लांबून बघितलं की शटर ओढायचा.

अखेर एक बिननावाची पट्टी टिकली. काकांनी कॅबिनेट उघडं टाकून घरातला एकुलता एक पंखा त्याच्याकडं वळवला. गिऱ्हाईक घामाघूम झालं तरी चालेल!

पहिलेच आले जतचे सयाजीराव. काकांनी कळ दाबली आणि पापणी लवायच्या आत छत्तीस गुणांचा हिशेब समोर हजर. सयाजीराव ताडकन उठले. “आवं काका, एवढ्यात झालं बी? माझ्या पोरीचं लगीन हाय, जरा नीट बघा की!” आणि तडक पलीकडच्या गल्लीतल्या पंचांगवाल्याकडं गेले.

आता काका कळ दाबतात, आलेलं उत्तर झाकून ठेवतात आणि कपाळाला आठ्या घालून बराच वेळ छताकडं बघत बसतात. पूर्वी हे काम कॉम्प्युटर करायचा.