बावीस सेकंद

साहेबानं कप उचलला, माझ्याकडं पाहिलं आणि चहा फरशीवर ओतला. सांडला नाही. ओतला. मग खिशातून मोबाईल काढला, त्यातलं घड्याळ लावलं आणि म्हणाला, "हं बाई, पूस. मी टाइम लावतो."

मी पुसलं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला शूर समजायला नको. मी पदर खोचला, गुडघ्यावर बसली, फडक्यानं चहा टिपला, ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. साहेबाचा बूट मधे होता. त्यानं तो हलवला नाही. मी बुटाच्या भोवतीनं पुसलं. उठली तेव्हा त्यानं मोबाईल आमच्या नर्सबाईकडं वळवला. "बावीस सेकंद. दिवसाला असे किती कप सांडतात हो तुमच्याकडं, सिस्टर?"

सिस्टर हसल्या.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. तसंच हसू तीन महिन्यांपूर्वी माझ्या तोंडातून निघालं होतं.

मी कचारगडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात परिचर आहे. अंशकालीन. म्हणजे हुकुमात चार तास, सकाळी दहा ते दोन. हुकूम लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं होतं की बायका दहा ते दोनच बाळंत होतात, कोण जाणे. उपकेंद्रात दोन खोल्या. पुढच्या खोलीत खाटा, मागच्या खोलीत बाळंतपणाचं टेबल. झाडणं, पुसणं, हापशीवरून पाणी आणणं, भांडी उकळणं, रक्ताच्या चादरी धुणं, बाळंतिणीची वार मागच्या खड्ड्यात पुरणं हे माझं. रजिस्टर सिस्टरचं.

हे काम मला पारबतामावशीनं शिकवलं. मावशी शेजारच्या उपकेंद्रात परिचर. केस पिकले तिचे त्या फरशीवर. मी नवी लागली तेव्हा तिनं मला समोर बसवलं आणि एकच गोष्ट सांगितली. "पोरी, साहेब येयाच्या आंधी सारं झालं पायजे. झाडू साहेबाले दिसला नाई पायजे."

मला हे नवं नव्हतं. माझी आई गावात दाई होती. पाटलाच्या घरी बोलावणं आलं की मागच्या दारानं जायची. पोर काढायची, नाळ कापायची, रक्त धुवायची, जमीन सारवायची आणि गडीमाणसं धानाच्या शेतातून परत यायच्या आत मागच्याच दारानं निघायची. रक्त धुतलेल्या बाईचं तोंड दिसलं तर विटाळ. त्याच घरात त्याच पोराचं बारसं झालं की आईला अंगणात वाढायचे, पत्रावळीवर, वरून टाकून. आई म्हणायची, काम असं करावं की केलेलं दिसू नये. मला ती शाबासकी वाटायची. आता आठवलं की अंगाची लाही होते.

मग वरून पत्र आलं. खर्च कमी करायचा. जिथं परिचराला पुरेसं काम नाही तिथलं पद बंद, दोन उपकेंद्रांत मिळून एक बाई. काम पुरेसं आहे की नाही हे पाहायला एक साहेब नेमला. त्याला गाडी दिली, ड्रायव्हर दिला, डिझेल दिलं. आमचा झाडू वाचवायला गाडी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

साहेब पहिल्यांदा मावशीकडं गेला. साहेब येणार म्हणून मावशी पहाटेच कामाला लागली. फरशी आरशासारखी, चादरी वाळून घड्या, बादल्या उपड्या. साहेब अकराला पोचला तेव्हा मावशी दारापाशी स्टुलावर बसली होती. हात मांडीवर. पाच तास कंबर वाकवल्यावर बाई बसणारच ना! साहेबानं तिचा फोटो काढला. मावशीला वाटलं, साहेबाला आपलं काम आवडलं. तिनं पदर सारखा केला आणि फोटोसाठी थोडी हसली.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला सभा झाली. सगळे डॉक्टर, सगळ्या सिस्टर पुढं खुर्च्यांवर, आम्ही परिचर मागं सतरंजीवर. साहेबानं तो फोटो पडद्यावर लावला. भिंतीएवढी पारबतामावशी, स्टुलावर, हात मांडीवर, पदर सारखा केलेला. साहेब म्हणाला, "ही आमची कर्मचारी. सकाळी अकरा वाजता. शासन हिला बसायचे पैसे देतं."

सभागृह हसलं. मोठमोठ्यानं हसलं.

मीही हसली.

सगळे हसत होते, साहेब आमच्या ओळीकडं पाहत होता, आणि मला वाटलं, जी हसणार नाही तिचा नंबर पुढं. मावशी माझ्या पुढच्या ओळीत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मान ताठ ठेवून ती पडद्यावरच्या स्वतःकडं पाहत बसली.

महिना संपायच्या आत तिचं पद बंद झालं. मावशी घरी बसली नाही. इतकी वर्षं परिचरांच्या ज्या संघटनेच्या वाटेला ती गेली नव्हती, तिचे फॉर्म काखेत मारून गावोगाव फिरू लागली. माझ्याकडंही आली. मी म्हटलं, "मावशी, घरी विचारून सांगीन." तिनं फॉर्म परत पिशवीत ठेवला. पाणी मागितलं, पिली, गेली.

आणि माझ्याकडं साहेब येणार असं कळलं तेव्हा मी काय केलं? पहाटे उठून सगळं आवरलं. फरशी, चादरी, बादल्या, सगळं. मावशीचा फोटो पाहून, तिचं पद गेलेलं पाहून, तेच केलं. माझं डोकं असं चाललं: मावशी बसली म्हणून सापडली. मी बसणार नाही, उभी राहीन. हात जोडून उभी राहिली. स्वच्छ खोली पाहून साहेब खूश होईल म्हणून.

साहेबानं खोलीभर नजर फिरवली. म्हणाला, "इथं तर करायला काहीच नाही." मग तो चहा.

साहेब गेल्यावर सिस्टरनं मला कागद दाखवला. माझ्या दिवसभराच्या कामापुढं लिहिलं होतं, चाळीस मिनिटं. खाली रिकामी जागा. पुढच्या खेपेला साहेब येणार आणि पदाची गरज नाही म्हणून तिथं सिस्टरची सही घेणार. सिस्टर म्हणाल्या, "माझा काही इलाज नाही बाई. मला इथंच नोकरी करायची आहे." हसताना मात्र इलाज होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी मावशीच्या घरी गेली. मावशी अंगणात मोहाची फुलं वाळवत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी हसली होती."

"दिसलं होतं मले."

"तू तर मागं पायलंच नाई."

"आवाज वळखत नाई का वं मी तुया? मीच तुले शिकवलं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. वाटलं, जवळ घेईल, जाऊ दे म्हणेल. तिनं पिशवीतून फॉर्म काढला, पेन काढला. "रडू नोको इथं. फुलं भिजून रायली. सही कर."

मी सही केली. तिनं मला माफ केलं नाही. आजपर्यंत केलेलं नाही, आणि मी परत माफी मागितलीही नाही.

त्याच आठवड्यात आम्ही सोळा जणी मावशीच्या अंगणात जमलो. कोणी नवऱ्याला बाजाराचं सांगून आली होती, कोणी आमगावच्या गाडीनं. आधी तास दोन तास नुसतं रडगाणं. मग मावशी म्हणाली, "आपलं काम साहेबाले दिसत नाई, काऊन का आपूनच लपवतो. आता लपवाचं नाई. हुकुमात दहा लिवलं हाय ना? तं दहाच्या आंधी झाडूले हात लावाचा नाई. बाळंतीन आन लेकरू सोडून. त्याईचं कवाबी."

एकदम गलका झाला. निवेदन द्या, मोर्चा काढा, उपोषण करा, सगळ्याला बायका तयार होत्या. पण साहेबासमोर घाण ठेवायची? एकजण तर उठूनच उभी राहिली. "माय वं! लोक का म्हनतीन? लाज नाई वाटनार का आपल्याले?"

"कोनाची लाज?" मावशी म्हणाली. "ते रगत तुयं हाय का?"

एकेकीनं होकाराची मान हलवली. साहेबाची पुढची फेरी माझ्याकडं होती, म्हणून सुरुवात माझ्यावर आली.

त्या दिवशी सकाळी सातला टोल्यावरची, पलीकडच्या वस्तीतली, एक पोर रिक्षातून आली. पहिलटकरीण. आठला मोकळी झाली. पोरगी झाली. रक्त फार गेलं, सिस्टरचे हात कोपरापर्यंत लाल. मी बाळंतिणीला पुसलं, कपडे बदलले, पुढच्या खोलीत धुतलेल्या चादरीवर निजवलं, लेकरू गुंडाळून कुशीत दिलं, गरम पाणी पाजलं. सगळं नीट केलं.

मग मागच्या खोलीच्या दारापाशी स्टूल ठेवलं आणि बसली. हात मांडीवर.

सिस्टर धावत आल्या. "अगं, साहेबाची गाडी निघाली. आवर लवकर!"

"दहाले आवरीन, सिस्टर."

"पागल झाली का तू? आत काय पडलंय पाहिलं का?"

"पायलं. मीच पायतो रोज."

त्या बडबडत गेल्या. बसणं सोपं नव्हतं हो. हात शिवशिवत होते. मागच्या खोलीतून वास येत होता, माश्या घोंगावायला लागल्या होत्या आणि माझी आई माझ्या कानात ओरडत होती, ऊठ, माणसं येतील, ऊठ. दोनदा तर मी बादलीपर्यंत जाऊन परत आली. लाज अशी की वाटत होतं आपणच तिथं उघड्या पडलोय.

दहाच्या ठोक्याला गाडी आली. मला स्टुलावर पाहून साहेबाच्या तोंडावर तेच हसू. मोबाईलही काढला, फोटो घ्यायला. "वा! यहाँ भी वही सीन!"

मी उठली आणि मागचं दार सताड उघडलं.

टेबलावरून रक्त ओघळून फरशीवर थिजलं होतं. रबरी चादर, बोळे, उलटी, बादलीत वार. साहेब दारातून एक पाऊल आत आला आणि त्याचा बूट घसरला. त्यानं दाराची चौकट धरली.

"ये क्या है?" तो ओरडला. "ही काय घाण आहे?"

"काम हाय, साहेब," मी म्हटलं. "रोजचंच हाय. लावा टाइम."

त्यानं लावला नाही. मग मी माझ्या मोबाईलमधलं घड्याळ लावलं, खिडकीत ठेवलं, पदर खोचला आणि बादली उचलली. वार घेऊन त्याच्या अगदी अंगावरून खड्ड्याकडं गेली. त्यानं रुमाल नाकाला लावला होता, डोळे पांढरे. परत आली तेव्हा तो व्हरांड्यात पायरीवर बूट घासत होता. "साहेब, आत या," मी म्हटलं. "आता कुठं सुरू झालं." तो शिव्या देत गाडीत बसला. सिस्टरची सही घ्यायचंही विसरला.

मी थांबली नाही. बोळे उचलले, ब्लीचिंग टाकलं, टेबल तीनदा धुतलं, हापशीवरून नऊ बादल्या पाणी आणलं, चादरी भिजवल्या, चोळल्या, वाळत घातल्या, भांडी उकळली. पुढच्या खोलीतून लेकराचं रडणं येत होतं. सगळं झालं तेव्हा मोबाईल पाहिला.

चार दिवसांनी मला नोटीस आली. अस्वच्छता, गैरवर्तन, वरिष्ठांचा अपमान. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सेवा समाप्त. सिस्टरनं माफीनामा टाईप करूनच आणला. "फक्त सही कर. पोरंबाळं आहेत तुला." मला माहीत आहे किती पोरं आहेत मला.

मी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात खुलासा लिहिला. त्यात एवढंच आहे: त्या दिवशी मागची खोली साफ करायला दोन तास दहा मिनिटं लागली. साहेब चौथ्या मिनिटाला निघून गेले. घड्याळ माझ्याकडं आहे.

कागद पोचता केला. त्याची पोच मावशीच्या पिशवीत आहे, बाकी पंधरा जणींच्या सह्यांसोबत. सोमवारी आम्ही गोंदियाला धरण्यावर बसतोय. नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. मावशीचं पद परत आलेलं नाही. पण साहेबाची पुढची फेरी ज्या उपकेंद्रात असेल, तिथं दहाच्या आत झाडू हलणार नाही. आणि त्या दिवशी मी तिथं जाणार आहे. साहेब मागच्या खोलीत येईपर्यंत वाट पाहीन. मग आतून दार लावून दाराला पाठ टेकवून उभी राहीन. या वेळी साहेबाला पूर्ण दोन तास दहा मिनिटं आत उभं राहावं लागेल.