शुक्रवारची गाडी आणि हरवलेला पासपोर्ट

“एका गावातून एकच घेतात साहेब, अमेरिकावाले. दोन कशाला घेतील?”

पोलीस निरीक्षकांच्या खोलीच्या अर्ध्या दारामागून हे वाक्य माझ्या कानावर पडलं. मी बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभी होते. नोकरीत पुढे बरेच गंभीर गुन्हे हाताळले. पण निवृत्तीनंतर कुणी एखादं प्रकरण सांगा म्हणालं, की मला आधी हे वाक्य ऐकू येतं. त्या प्रकरणात शेवटी गुन्हा दाखलही झाला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जालन्यात परिविक्षाधीन उपनिरीक्षक होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. ठाण्यात मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणत, माझ्या माघारी, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. साहेबांसमोर बोलायची वेळ आली की माझं वाक्य अर्ध्यात संपायचं.

आत बसलेले गृहस्थ शहरातले बियाण्यांचे व्यापारी होते. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं. त्यांची मुलगी बारावीला होती आणि अमेरिकेतल्या मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठांत अर्ज करत होती. जगभरातून मुलं अर्ज करतात आणि त्यातली मोजकीच घेतात, अशी ती विद्यापीठं. त्यासाठीची परीक्षा शनिवारी मुंबईत होती. ओळख म्हणून मूळ पासपोर्ट दाखवल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघायचं ठरलेलं. आणि गुरुवारी सकाळी कपाट उघडलं, तर पासपोर्ट जागेवर नाही.

“संशय कुणावर?” साहेबांनी विचारलं.

“संशय नाही साहेब, पक्कं आहे. तिची मैत्रीण. काल संध्याकाळी आमच्याकडेच अभ्यासाला बसली होती. तीही अमेरिकेलाच अर्ज करते. तिचा पासपोर्ट अजून आला नाही. आपल्याला नाही मिळाला तर हिलाही नको, हेच ना?”

साहेबांनी मला आत बोलावलं. त्या मैत्रिणीच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी आमच्याच ठाण्यात पडून होती. कागद माझ्याकडे होता. अर्जदाराची वर्तणूक कशी, तिच्यावर गुन्हा आहे का, एवढं लिहून सही करायची बाकी होती.

“सही करू नका,” साहेब म्हणाले. “आज फिर्याद झाली तर कागदावर वाईट शेरा जाईल. पोरगी अल्पवयीन आहे, ठाण्यात बोलवायची नाही. तुम्ही घरी जाऊन विचारा. आणि म्याडम, विचारताना जरा आवाज काढा.”

नाव गुन्ह्यात आलं तर त्या मुलीचा पासपोर्ट अडकणार. पासपोर्ट नाही तर पुढच्या महिन्यातली परीक्षा नाही, आणि अर्जाच्या मुदतीआधी तीच तिची शेवटची संधी होती. व्यापाऱ्याच्या मुलीचं एक वर्ष जाईल. हिचं वर्ष जाणार नव्हतं, सगळंच जाणार होतं.

आधी मी व्यापाऱ्याच्या घरी जाऊन जागा पाहिली. कपाट मुलीच्या खोलीत. कुलूप शाबूत. वरच्या खणात विद्यापीठांची गुळगुळीत माहितीपत्रकं नीट रचलेली. कुणी घाईने उलथापालथ केल्याची खूण नव्हती. चोर वस्तू उचलतो तेव्हा शेजारची वस्तू हलतेच. इथे काही हललं नव्हतं. खणाच्या कोपऱ्यात मात्र तांदळाचे दोन-चार दाणे होते, हळद लागलेले. मी ते पाहिले आणि तसेच राहू दिले. काही सुचलं होतं, पण नक्की नव्हतं.

मुलगी पलंगावर बसून रडत होती. “तिने नाही घेतला,” ती मला इंग्रजीत म्हणाली, दारात उभ्या वडिलांना कळू नये म्हणून. “माझ्या अर्जाचा निबंध तिनेच तीनदा वाचून दिला.” घरात आणखी एक बाई होत्या. मुलीची मोठी काकू, घरात सगळ्यांच्या ‘बडी माँ’, तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या मला पाण्याचा पेला देऊन आत गेल्या. माझ्या टोपीकडे पाहिलं, तोंडाकडे नाही.

तिथून मी मैत्रिणीच्या घरी गेले. कुटुंब मूळ कुंभार पिंपळगावचं, शेती भावांकडे. वडील जालन्यात खताच्या दुकानात बसत. पोलिसांची गाडी दारात थांबल्यावर गल्लीतले सगळे कट्ट्यावर आले होते. वडील हात जोडूनच पुढे आले.

“म्याडम, माझं लेकरू चोर न्हाई. काल रात्री तर निबंध लिहून राह्यली होती. सोताबद्दल लिहायचं म्हणे. मी म्हनलं, सोताबद्दल काय लिहायचं? आपण तर अर्जात ‘कृपा व्हावी’ लिहितो अन् सही करतो.”

“बाबा, तुम्ही शांत बसा ना,” मुलगी म्हणाली.

“बसतो. पण बिलकुल खोटं न्हाई बोलत मी.”

वडिलांसमोरच मी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज काढायचा माझा विचार नव्हता, आणि तो निघालाही नसता.

“काल किती वाजेपर्यंत होतीस?”

“दिवेलागणीपर्यंत.”

“कपाट उघडं होतं?”

“हो. तिने पुस्तक काढलं होतं.”

“पासपोर्ट दिसला?”

“न्हाई. मी बघितलंच न्हाई तिकडं.”

“तू असताना घरातून कोणी बाहेर गेलं?”

इथे ती थांबली. बाकी सगळी उत्तरं लगेच आली होती. या प्रश्नावर तिने वडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

खोटं बोलणारा माणूस सहसा थांबत नाही. तो उत्तर तयार ठेवतो आणि लवकर देऊन टाकतो. थांबतो तो ज्याला खरं माहीत आहे पण सांगता येत नाही. हे मला कोणत्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मी स्वतः आयुष्यभर अशी थांबत आले होते, म्हणून ओळखता आलं.

“तुला कोणी बोलू नको म्हणालं आहे का?”

वडील उसळले. “अगं बोल की! तुझ्या पासपोर्टचा कागद यांच्याच हातात हाय!”

“शुक्रवारपर्यंत न्हाई बोलायचं,” ती हळूच म्हणाली. “नंतर सांगते. उद्या सकाळी गाडी गेली की.”

“तोवर तुझ्यावर गुन्हा दाखल होईल,” मी म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती म्हणाली, “उद्या सांगते.”

गाडीत बसल्यावर मी दोन गोष्टी एकत्र ठेवल्या. हळदीचे तांदूळ आणि शुक्रवार. आणि मला माझी आई आठवली.

मी प्रशिक्षणाला नाशिकला निघाले तो दिवस तिच्या मते चांगला नव्हता. म्हणून तिने आदल्या चांगल्या दिवशी माझी ओढणी, सुपारी आणि हळदीच्या अक्षता एका फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवल्या. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. माणसाची एक वस्तू चांगल्या वेळी घराबाहेर पडली, की माणूसच निघाला असं धरायचं. मग तो स्वतः कोणत्याही दिवशी निघाला तरी चालतं. जाताना ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचं. तोवर ती घरी परत आणायची नाही, आणि मधे कुणी हटकू नये म्हणून फार बोलायचंही नाही. प्रशिक्षणकेंद्रात ओढणीच्या टोकाला लागलेली हळद मी मैत्रिणींपासून लपवली होती.

शुक्रवारी पश्चिमेकडे निघू नये, असं आई म्हणायची. मुंबई जालन्याच्या पश्चिमेला.

मी पुन्हा व्यापाऱ्याच्या घरी गेले. ते तोवर पुन्हा ठाण्यात जाऊन बसले होते. काकू स्वयंपाकघरात प्रवासाच्या पुऱ्या तळत होत्या. मी दार ओढून घेतलं.

“बडी माँ, प्रस्थान कुठे ठेवलंत?”

झारा कढईतच राहिला.

“पश्चिमेच्या बाजूला मास्तरीणबाई राहतात,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या देवाजवळ.”

“पण पासपोर्ट? रुमाल ठेवतात, उपरणं ठेवतात.”

“पोरीच्या मोठ्या भावाच्या वेळी रुमालच ठेवला होता, बेटा. रुमाल गेला आणि पोरगा राहिला. व्हिसाच नाही मिळाला. या वेळी म्हटलं, जे खरंच जायचं आहे तेच ठेवू.” त्यांनी गॅस बंद केला. “उद्या स्टेशनला जाताना उचलून तिच्या हातात देणार होते. देवर आजच कपाट उघडतील, मला काय माहीत?”

“मग सकाळीच का नाही सांगितलं?”

त्या पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

“शगुनाच्या कामात मला कोण पुढे करतं? लग्न असो, पूजा असो, मी मागच्या खोलीत. देवर म्हणतात, ते काही मानत नाहीत. पर माझा हात लागलेलं कळलं, की सगळं मानतील. परीक्षा बिघडली तर जन्मभर म्हणतील, हिनेच ठेवलं होतं. पोरगी तर माझ्याच हाताखाली वाढली ना?”

“आणि ती मैत्रीण?”

“तिने मला फडकं घेऊन जाताना बघितलं. मी ओठावर बोट ठेवलं, म्हटलं शुक्रवारपर्यंत बोलू नको. ती गावाकडची, तिला लगेच समजलं.” मग घाबरून विचारलं, “तिचं काय झालं?”

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुरुष बाहेर बोलत होते, आणि त्या पुऱ्या लाटत होत्या. मी सगळं सांगितलं. पडताळणीचा कागद, पुढच्या महिन्यातली परीक्षा, दारात जमलेली गल्ली. त्या खाली बसल्या.

मास्तरीणबाईंच्या घरी आम्ही दोघी गेलो. देव्हाऱ्याच्या बाजूला पिवळ्या फडक्यात सुपारी, अक्षता आणि पासपोर्ट होता. मी नाव वाचलं, फोटो पाहिला, आणि फडकं पुन्हा बांधून तिथेच ठेवलं. रीतीप्रमाणे मी तो ताब्यात घ्यायला हवा होता. पण चोरीच झाली नव्हती, तर मुद्देमाल कसला?

“आता घरी तुम्ही सांगता की मी सांगू?” मी विचारलं.

“तुम्ही सांगा, बेटा. माझं नाव घेऊन सांगा. त्या लेकीच्या पुढे माझं नाव काय मोठं आहे?”

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. पोलीस ज्याला लपवाछपवी समजतात, त्यातली बरीचशी लाज असते, बरीचशी माया असते, आणि थोडीच चोरी. तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून गप्प माणसावर आवाज चढवण्याआधी तो कुणासाठी गप्प आहे हे पाहावं. पुढच्या नोकरीत मी हे शक्य तितकं पाळलं. प्रत्येक वेळी जमलं असं म्हणणार नाही.

ठाण्यात परतले तेव्हा साहेबांच्या खोलीत चहा चालू होता. त्या मैत्रिणीच्या वडिलांनाही बोलावून घेतलं होतं. ते भिंतीला टेकून उभे होते, त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती.

“काय म्याडम, कबूल झाली का?” साहेब म्हणाले.

“पासपोर्ट मिळाला आहे, सर.”

“बघा!” व्यापारी उठलेच. “दिला ना घाबरून? मी म्हणत होतो. साहेब, आता तक्रार नको, मुलीची जात आहे. फक्त तिचा तो कागद जरा राहू द्या. चार महिने. तेवढी शिक्षा पुरे.”

साहेबांनी मान हलवली. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझं वाक्य नेहमीसारखं अर्ध्यात संपेल असं मला वाटलं. मी ते मनात आधी पूर्ण केलं, मग बोलले.

“पासपोर्ट कुणी चोरला नव्हता. शुक्रवारी पश्चिमेला जायचं, म्हणून तुमच्या भावजयींनी पुतणीचं प्रस्थान ठेवलं आहे. तो उद्या सकाळी मास्तरीणबाईंच्या देवापासून उचला आणि त्यांच्याच हातून मुलीला द्या. त्या दुसऱ्या मुलीने हे पाहिलं होतं. बोलली असती तर ती सकाळीच सुटली असती, पण तिने शब्द दिला होता. सर, पडताळणीत अर्जदाराची वर्तणूक कशी आहे ते लिहायचं असतं. मला ते समजलं आहे. सही मी आत्ता करते.”