सातवं अक्षर

ती घटना आठवली की मला आजही आधी संताप येतो आणि मग हसू फुटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका पोथीतल्या दहा अक्षरांनी मला जेवढं पळवलं तेवढं कुठल्या अट्टल गुन्हेगारानंही पळवलं नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. गुरुवारची सकाळ, हजेरी नुकतीच संपलेली. ठाणे अंमलदारासमोर एक गृहस्थ उभे होते. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात मुलीचा फोटो. गुळाचे व्यापारी. एकोणीस वर्षांची मुलगी आदल्या दिवशी देवळात जाते म्हणून बाहेर पडली ती परत आलीच नव्हती.

"साहेब, तिच्या काळजाची झडप खराब हाय. सोमवारी मिरजेत ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणत्यात, हा महिना उलटला तर आमच्या हातात काय न्हाय. आन् गोळ्याबी घरातच ठेवून गेलीया हो!"

मिसिंग रजिस्टरला नोंद केली, वर्णन बिनतारीवर दिलं, एसटी स्टँडवर माणूस धाडला. आणि मग मी ती चूक केली जी आमच्या खात्यात हमखास होते. एकोणीस वर्षांची मुलगी गेली म्हटलं की पोलिसाचं डोकं एकाच दिशेला धावतं. कुणाबरोबर गेली? त्या बापाला मी नको नको ते प्रश्न विचारले. कॉलेजात जाऊन मैत्रिणींना छळलं. अख्खा दिवस वाया घालवला. तो माणूस मान खाली घालून उत्तरं देत होता, त्याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी राजारामपुरीतला एक झेरॉक्सवाला ठाण्यात आला. मुलीचा फोटो आमच्या शिपायानं त्याच्या दुकानातही दाखवला होता.

"साहेब, ही पोरगी माझ्याकडं येत हुती. हातानं लिवलेली पोथी घिऊन. मला चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले, मगच पोथी मशिनवर ठेवू दिली. असं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं न्हाय, म्हणून ध्यानात ऱ्हायली."

"एकटी यायची?"

"न्हाय, एक सर असायचे संगट. वरच्या मजल्यावर वर्ग हाय त्यांचा. ही बगा, एक कॉपी बिघडलेली. सरांनी तिच्यावरच मोजून बघितलं आन् हितंच टाकली. पाठकोरी म्हणून ठेवली हुती."

मी कागद उलटा केला. पोथीचं एक पान मोठं करून काढलेलं. दर सातव्या अक्षराला लाल पेनानं गोल. गोलातली अक्षरं खाली ओळीनं उतरवलेली होती: ले, क, का, प, ता, बा, प, जा, ई, ल.

लेक कापता बाप जाईल.

मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसलो. मुलगी कुणाबरोबर पळाली नव्हती. आपल्यावर ऑपरेशन झालं तर अप्पा मरणार, असं समजून ती बापाला वाचवायला निघून गेली होती.

त्या सरांना ठाण्यात आणलं. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता अक्षरं मोजत होते. पवित्र ग्रंथांत ऋषींनी भविष्य दडवून ठेवलंय आणि आपल्याला त्याची किल्ली सापडलीय, अशी त्यांची पक्की खात्री. पंधरा-वीस लोक रविवारी त्यांचं ऐकायला येत. माणूस लबाड असता तर माझं काम सोपं होतं. पण तो एक रुपया घेत नव्हता. त्याला फक्त कुणीतरी आपलं खरं मानायला हवं होतं. जादूटोण्याविरुद्धचा कायदाही तेव्हा नव्हता.

चौकशीत माझी एक पद्धत होती. समोरच्याचं बोलणं खोडायचं नाही, चहा द्यायचा आणि त्याचंच काम त्याच्याकडून करून घ्यायचं. मी म्हटलं, "सर, मला शिकवा."

गडी खुलला. सातवं अक्षर घ्यायचं, सप्तर्षींचा आकडा. अर्थ लागला नाही तर नववं, नवग्रहांचं. नाहीतर बारावं. सुरुवात पहिल्या ओळीपासून करा, नाहीतर तिसऱ्या. मी सायकलचोरीचा एक पंचनामा काढला आणि आमच्या हवालदाराला म्हटलं, मोजा. त्यानं अर्धा तास खपून त्यातून 'मामा मेला' असं काढून दाखवलं. आम्ही खो खो हसलो. हसून झाल्यावर हवालदार गुपचूप फोनकडे गेला आणि त्यानं कागलला मामाच्या शेजाऱ्याकडे फोन लावला. मामा म्हशीची धार काढत होते! वीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसाची ही गत, तर आजारी पोरीची काय होणार?

सरांचा चेहरा मात्र उतरला. मी आवाज चढवला. "तिच्या गोळ्या घरी आहेत. ती मेली तर तुमची किल्ली काय करायची? कुठं आहे ती?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ती स्वतःच आली, रडत. म्हणाली, घरचे धरून नेतील, सोमवार टळेपर्यंत कुठंतरी ठेवा. शाहूवाडीकडं माझी बहीण असते, तिच्याकडं पोचवली. साहेब, मी तिला घाबरवायला नव्हतो गेलो हो."

शनिवारी सकाळी बापाला, गोळ्यांना आणि सरांना जीपमध्ये घालून शाहूवाडी गाठली. मुलगी भाताच्या खळ्याशेजारी घोंगड्यावर बसली होती. ओठ निळसर, चार शब्द बोलली की धाप लागायची. बापाला बघून तिनं तोंड फिरवलं.

गोळ्या तिनं मुकाट्यानं घेतल्या. पण ऑपरेशनचं नाव काढताच म्हणाली, "साहेब, मला अठरा पुरी झाल्यात. मी सही करणार न्हाय. तुम्ही मला उचलून न्याल, पण सही कशी घ्याल?"

कायद्यानं ती बरोबर होती. मी पंचनाम्याचा आणि मामाचा किस्सा सांगितला. ती हसलीसुद्धा. "पंचनामा माणसानं लिवलेला असतुया. ही देवाची पोथी हाय." सर पुढं झाले, आपलं चुकलं म्हणाले, हात जोडले. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. बाप पायरीवर बसून रडायला लागला. "बाळा, मला काय हुत न्हाय गं. आन् झालं तर हुईना का! माझं वय झालंय."

"तसं म्हणू नका अप्पा!" ती ओरडली आणि तिला असा खोकला आला की आम्ही सगळेच घाबरलो.

मी सांगतो, त्या क्षणी मी हरलो होतो. मनात एकच विचार घोळत होता, कोर्टात झेरॉक्स चालत नाही, मूळ कागद लागतो. जुनी सवय. त्याच सवयीनं मी बापाला विचारलं, "ही पोथी मूळची तुमचीच?"

"घराण्याचीच की. पण ही आक्कानं लिवलेली. माझी थोरली बहीण. आमच्यात रीत हाय, लगीन ठरलं की लेकीनं पोथी आपल्या हातानं उतरून काढायची. जुनी पोथी तिच्यासंगट सासरी जाती, तिच्या हातची माहेरच्या देव्हाऱ्यात ऱ्हाती. लेक गेली तरी तिचं अक्षर घरात ऱ्हावं म्हणून."

"म्हणजे मूळ पोथी..."

"गारगोटीला. आक्काकडं."

रात्र आम्ही तिथंच काढली आणि रविवारी पहाटे जीप गारगोटीला धाडली. दुपारी आक्का उतरल्या. साठीच्या, ठसठशीत, हातात लाल फडक्यात बांधलेली पोथी. उतरल्या उतरल्या माझ्यावरच कडाडल्या, "पावणं, पोरगी मरायला टेकलीया आन् तुम्ही मला पोथ्या आणाय सांगताय व्हय?"

मी ते लाल गोलांचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"आगं बया! ह्या तर माझ्या ओव्या!"

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला आठ दिवस राहिले होते. पोथी उतरताना एक पान दुसऱ्याला चिकटलेलं निघालं, समईचं तेल सांडून. ओढावं तर फाटेल, आईला सांगावं तर मार बसेल. जागा कोरी तर ठेवता येत नाही. मग अठरा वर्षांच्या त्या पोरीनं तिथं आपल्या मनच्या जात्यावरच्या ओव्या लिहून टाकल्या आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही. आक्कांनी त्यातली एक तिथंच म्हणून दाखवली:

"बाळ माझा धाकला पदर सोडीना गं,
जाते सासरी मी आई, तू जवळ घेशील ना."

"बाळ कोण?" मुलीनं विचारलं.

"कोण म्हंजी? त्यो बसलाय की पायरीवर! तवा तीन वर्सांचा हुता. माझा पदर धरून रडायचा."

मी मध्ये पडलो नाही. पोरीनंच पान ओढून घेतलं आणि बोटानं मोजायला लागली. बाळचा बा. सातवर पदरचा प. पुढं सातवर जातेचा जा. आईमधला ई. घेशीलमधला ल.

मग आक्कांनी मूळ पोथीचं फडकं सोडलं. चिकटलेलं पान त्यांनी पुढं सासरी वाफेवर धरून सोडवलं होतं. त्यावर पूजेला कुठली पानंफुलं घ्यावीत याची यादी होती. मुलीनं तीही मोजली, सातवं सातवं. एकाही शब्दाचा पत्ता नाही. पुन्हा मोजली. नववं मोजलं. सर पलीकडं उभे राहून तिच्या बोटाकडं बघत होते, त्यांचेही ओठ हलत होते.

"आत्या, तू पोथीत खोटं लिवलंस?"

"खोटं न्हवं गं, मायेनं लिवलं. मी गेल्यावर ह्याला कोण बघंल म्हणून जीव तुटत हुता माझा. आन् तू त्यातनं त्याचं मरान काढलंस व्हय? वा गं शानी!" असं म्हणून आक्कांनी तिला छातीशी घेतलं. गुळाचे व्यापारी उठले आणि भर अंगणात बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं. इतकी वर्षं ते त्या ओव्यांना बेल वाहत होते.

सोमवारी सकाळी तिनं स्वतःच्या हातानं सही केली. मी रजेवर नव्हतो, तरी मिरजेला गेलो. सरही आले होते. व्हरांड्याच्या टोकाला चपला काढून बसून होते.

या प्रकरणात ना आरोपी होता ना मुद्देमाल. रजिस्टरला 'मिळून आली' एवढीच नोंद. पण त्यानंतर मी अशा लोकांना मूर्ख म्हणायचं सोडलं. त्या मुलीला स्वतःच्या मरणाची भीती घालून कुणी अडवू शकलं नसतं. अडवलं ते बापावरच्या जिवानं. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याचंच कुणीतरी माणूस शोधून आणावं लागतं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी पुढं हेच सांगत आलो, आणि अशी दोन-चार माणसं तरी आम्ही परत वळवली.

ऑपरेशन पाच तास चाललं. संध्याकाळी नर्स बाहेर आली. पेशंट शुद्धीवर आलीय म्हणाली, आणि सारखं एकच विचारतेय. बापाला तोंडावर फडकं बांधून आत नेलं. मी दाराच्या काचेतून बघत होतो. तिला मान वळवता येत नव्हती. नुसते डोळे फिरवून ती शोधत होती.

"अप्पा... हायसा न्हवं?"

"हाय की," ते म्हणाले. "हितंच हाय."