पळणारी चक्री

घरातले दिवे, पंखे, टीव्ही, सगळं बंद केलं होतं. तरी मीटरची चक्री फिरत होती.

चक्री म्हणजे जुन्या मीटरच्या काचेआड दिसणारी ॲल्युमिनियमची तबकडी. वीज वापरली गेली तरच ती फिरते. सगळं बंद असताना ती सावकाश सरकत असेल, तर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे असं आम्ही समजतो. इथे ती सरकत नव्हती, पळत होती.

"साहब, हे लीकेज नाही," माझे लाइनमन सलीमभाई म्हणाले. "अंदर कुछ तो चालू है."

दारव्ह्याजवळच्या गावातलं हे घर बाबारावांचं. मी त्या भागाचा ज्युनिअर इंजिनिअर. दिवाळीपर्यंत महिन्याला साठ-सत्तर युनिट, नंतर एकदम अडीचशेच्या वर. दिवाळीतच त्यांच्या सुनेने, वंदनाने, शिलाई मशीनला मोटर बसवली होती. त्यामुळे आम्ही पोचण्याआधीच तपास संपला होता आणि शिक्षाही ठरली होती. येत्या बाजाराच्या दिवशी मशीन विकायची.

"त्या मोटरला एका बल्बाएवढीच वीज लागते," मी म्हणालो.

"मंग तुमचं मीटर खोटं."

"मीटर आत्ताच तपासलं. बरोबर आहे."

"मंग मशीनच," बाबाराव म्हणाले.

वंदना दाराशी उभी होती. गावातल्या मुलींचे शाळेचे ड्रेस नुकतेच तिच्याकडे यायला लागले होते. "मामाजी, साहेब पाहून राह्यले ना," ती सासऱ्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "साहेब, एक सांगू? पानी भरताना दिसते, लाइन आली का इहिरीतलं पानी हालते."

"घ्या! आता भुताच्या नावानं बी बिल काढा," बाबाराव म्हणाले.

मीही हसलो. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. तालुक्याला वीजबचत सप्ताहाचं उद्घाटन होतं. "अहो, 'ग्राहकाचा वापर जास्त' असं लिहा आणि इकडे या. स्टेजवरचे हॅलोजन लागत नाहीयेत." वीज वाचवण्याचं महत्त्व भर दुपारी बारा हॅलोजनच्या उजेडात सांगायचं होतं. मी "निघतोच" म्हणालो आणि निघालो नाही.

ओसरीतून तीन वायरी तीन खोल्यांत जात होत्या. सलीमभाईंनी एकेक वायर सोडवायला घेतली. स्वयंपाकघराची सोडली, चक्री पळतच होती. वंदनाच्या मशीनच्या खोलीची सोडली, तरी पळत होती. तिसरी सोडली आणि चक्री जागेवर थांबली.

तिसरी खोली कापसाची होती. त्या वर्षी भाव इतके पडले होते की लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. बाबारावांची खोली तर तुडवून तुडवून आढ्यापर्यंत भरलेली.

"कापूस करंट खाते का?" बाबारावांनी विचारलं.

"त्याच्यामागे काय आहे?"

"भित. आनखी काय राह्यते?"

खोली रिकामी करावी लागेल म्हटल्यावर ते दारातच बसले. चार माणसांनी दोन दिवस तुडवलेला कापूस ते हलवू देणार नव्हते. इतक्यात परसातून वंदना ओरडली, "मामाजी! पानी थांबलं!"

आम्ही विहिरीवर गेलो. पाणी आरशासारखं निवांत. सलीमभाईंनी ओसरीत वायर जोडली, पाण्यावर भोवरे उठले. काढली, विरले. हा प्रयोग आम्ही तीनदा केला. पहिल्या दोनदा खात्रीसाठी, तिसऱ्यांदा बाबारावांसाठी.

"विहिरीत मोटर आहे?"

"हाय ना, पन जयालेली."

"जळाली हे कोणी सांगितलं?"

"दिवाळीच्या टायमाले मीच खटका दाबला, पानीच नाही आलं. मंग मोटर वर वढली, पाइप सोडून वावरात नेला."

"आणि मोटर?"

"चोरीले जाईन म्हनून पुन्हा इहिरीत सोडली."

"खटका दाबला तेव्हा लाइन होती का?"

बाबारावांनी बोटांवर दिवस मोजले. त्या काळी लोडशेडिंगमध्ये लाइन असण्यापेक्षा नसायचीच जास्त. "नसन," ते म्हणाले.

मोटर धडधाकट होती. तिसऱ्या खोलीच्या भिंतीवरचा तिचा खटका चालूच राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कापूस भरला गेला. तेव्हापासून लाइन आली की मोटर विहिरीच्या तळाशी इमानदारीने फिरायची, आणि पाइप नसल्याने विहिरीचं पाणी विहिरीतच घुसळायची. मोटर वर ओढून पुन्हा सोडण्याचं काम चालू असताना लाइन आली नाही, म्हणून बाबाराव आज आमच्याशी बोलत होते. लोडशेडिंगचा एवढा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

कापूस विकेपर्यंत त्या खोलीची वायर तोडूनच ठेवली. कापसाखाली जिवंत वायर नको. मोटरचा नवा खटका ओसरीत बसला, पाइप वावरातून परत आला. पुढच्या महिन्यात युनिट पुन्हा सत्तरच्या आत. मशीन बाजारात गेली नाही. बाबारावांनी ती स्वतः उचलून ओसरीत, उजेडाला आणून ठेवली. माफी वगैरे मागितली नाही. "इथं डोयाले तरास नाही होत," एवढंच म्हणाले.

दोष वंदना यांनी शोधला, असं मी रिपोर्टात लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून 'तांत्रिक तपासणीअंती' असं केलं. तेव्हापासून मीटर उघडण्याआधी मी एक तांत्रिक प्रश्न विचारतो: या घरात पाणी कोण भरतं?