गोडाचं जेवण झाल्यावर

अंबादासदादाचा तेरावा उरकला आणि आज गोडाचं जेवण. रीतच तशी! पाहुण्यांनी दुःखातल्या माणसाच्या तोंडात गोड घालायचं आणि त्यानं नाही म्हणायचं नाही. धाकट्या पद्माकरला जो तो जिलेबी भरवतो. त्यालाही दादासारखंच फॅटी लिव्हर, वर साखर. पण भरल्या पंगतीत सांगणार कोण? लिव्हर म्हटलं की लोक बाटली शोधतात, आणि या भावांनी तर जन्मात थेंब चाखलेला नाही.

आता तो सतरंजीवर आडवा होतो. पापण्या जडावतात. मोरीतल्या भांड्यांचा आवाज लांब लांब जातो.

"सरक की रे पद्या जरा."

कुशीला दादा बसलाय.

"दादा, तू तर गेलास ना?"

"गेलो म्हणून बसूही नको?"

पद्माकरला हसू येतं आणि लगेच रडूही. सतरंजी आता सोनोग्राफीचं टेबल झालीय. दादाच्या पोटावर गार जेल, आणि भोवती पंगत बसलीय. वाढपी जिलेबी घेऊन फिरतोय.

"लिव्हरचं एवढं औषध प्यायलास, तरी त्यानं दगा दिला?"

"लिव्हर बिचारं शेवटपर्यंत चालूच होतं. हार्टनं नेलं मला. ही चरबी लिव्हरात गप्प बसते होय रे? साखर वाढवते, रक्तवाहिन्या नासवते, किडनी धरते, मग पाय सुजतात, दाबलं की खळगा पडतो. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, जेवण आवरा, चाला, हार्ट तपासा. आणि मी टॉनिक पिऊन ताटावर बसायचो. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!"

"मग मी काय करू?"

"नाही म्हण."

"तुझ्याच गोडाला?"

दादाला तरी जन्मभर कुठं जमलं होतं! तो पद्माकरचा पाय मांडीवर घेतो आणि नडगीवर अंगठा दाबतो. दाबूनच धरतो.

"दुखत नाही रे दादा."

"हेच तर वाईट आहे, राजा. कुठंच दुखत नाही."

"भाऊजी, उठा." वहिनी वाटी घेऊन उभी आहे. डोळे सुजलेले, कपाळ मोकळं. "सगळ्यांनी भरवलं, माझ्या हातची तेवढी राहिली. ह्यांच्या नावानं घ्या."

पद्माकर उठून बसतो. लेंगा वर सरकलाय. सुजलेल्या नडगीवर अंगठ्याएवढा खळगा पडलाय. तो 'नको' म्हणायला तोंड उघडतो, आणि वहिनी जिलेबी आत घालते.

तो चावत राहतो. खळगा काही भरून येत नाही.