भरतीला शतावरी

फसवणूक झाली ती आमच्या शेजारणीची, आणि उघडकीस आली ती गेल्या गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, रक्ततपासणीच्या रिपोर्टात. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल इतकं हसत लिहिणार आहे की मूळ मुद्दा वाचणाऱ्याच्या हातून निसटायचा. तर मुद्दा हा. आणि शेजारीण अशी, की कोकणात उगवणारी, सुकवली जाणारी आणि पुडीत बांधून विकली जाणारी एकही मुळी तिच्या पोटात जायची राहिलेली नाही.

मिरकरवाडा बंदराच्या मागच्या गल्लीत आमच्यापासून तिसरं घर तिचं. ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून पेढे वाटले गेले. ती मात्र कळायला लागल्यापासून बाई आहे, आणि मी कळायला लागल्यापासून तिला ताई म्हणते. धंदा जाळी सांधायचा. मांडीवर फाटलेलं जाळं, दातांत दोऱ्याचं टोक आणि चुलीवर काढा, अशी ती पडवीत बसलेली असायची. माझं बालपण त्या वासात गेलं: मेथी, ज्येष्ठमध आणि वर वाळत घातलेली सुकट. अजून कुठे काढ्याचा वास आला की मला शाळेचं दप्तर खांद्यावर असल्यासारखं वाटतं. या सगळ्याने अंगात बाईपण उतरतं, असा तिचा पक्का विश्वास होता, आणि ते उतरवायची वेळही तिने स्वतःच ठरवली होती. घड्याळाशी तिचं कधी पटलंच नाही. शतावरी भरतीला घ्यायची, कारण पाणी चढतं तसा गुण अंगात चढतो. कडू काय असेल ते ओहोटीला, कारण मग नको ते वाहून जातं. भरती रोज पुढे सरकते, म्हणून ताईचा काढाही रोज पुढे सरकायचा. आज न्याहारीला, तर चार दिवसांनी ऐन जेवणाच्या ताटावर. जन्म दर्यावर काढलेला आमच्या गल्लीतला म्हातारा तांडेलसुद्धा होडी काढण्याआधी तिच्या पडवीकडे बघून ओरडायचा, "काय गो वैदूबाय, पाणी चढलं काय?" आणि ती पळीने काढा ढवळत म्हणायची, "उकळी फुटू दे, मग सांगते."

याच तांडेलाने एकदा चहा समजून तिचा पेला रिकामा केला. पेल्यात काय होतं ते कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढचे कित्येक दिवस तो भेटेल त्याला मिशी दाखवत होता. "नीट बघ रे. पातळ होतेय काय?" ताई त्याला धीर द्यायची, "घाबरू नको तांडेल, एका पेल्यात काय होत नाय. मी इतकी वर्षं पितेय." तिच्या दारचा बोका मात्र तळाचा गाळ इमानाने चाटायचा. एके दिवशी तो शेजारच्या मांजरीची पिल्लं कुशीत घेऊन झोपलेला सापडला, तेव्हा ताईने मला हाताला धरून नेऊन दाखवलं. "बघ. लागू पडतंय." बोका मुळातच आळशी होता आणि पिल्लं ऊबदार होती, हे मी त्या वयातही तिला सांगू शकले नाही. तिचा चेहरा इतका फुलला होता.

आता तुम्ही विचाराल, ती आधीच डॉक्टरकडे का गेली नाही? गेली होती. तरुणपणी एकदा गेली, तर तो डॉक्टर हसला आणि म्हणाला, "लग्न कर, सगळं ठीक होईल." त्याच आठवड्यात बाजारात तिला पुडीवाला भेटला. पुडीवाला हसला नाही. त्याने स्टूल पुढे केलं आणि "बसा ताई" म्हटलं. त्या एका 'ताई'वर त्याने तिला वर्षानुवर्षं पुड्या विकल्या. माझा सगळा संताप इथे आहे. शिकलेल्या माणसाला जे एक संबोधन जड झालं, ते ठकाने फुकट दिलं आणि त्यातच गिऱ्हाईक बांधून ठेवलं.

गेल्या वर्षी कोल्हापूरहून महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिला घेऊन गेले. बाई हार्मोनचे उपचार करतात, आणि हसत नाहीत. त्यांनी विचारलं, "सध्या काही औषधं चालू आहेत?"

"छे हो. आयुष्यात कधी गोळी घेतली नाय," ताई अभिमानाने म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे औषध म्हणजे मेडिकलातून येतं ते. चुलीवर उकळतं ते घरचं.

मग तो रिपोर्ट आला. यकृताला सूज. बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी उलटसुलट, खाण्यापिण्यापासून. दुसऱ्या दिवशी ताईने माशांची पाटी धुऊन तिच्यातून सगळे डबे आणून टेबलावर मांडले. बाई एकेक उघडत, वास घेत गेल्या आणि एका राखाडी पुडीवर थांबल्या.

"यात काय आहे?"

"ती खास आहे. हिमालयातली."

"पण आहे काय?"

"ते पुडीवाल्यालाच म्हायती."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मुळ्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण यातलं कोण काय करतंय, यकृताला कोण त्रास देतंय, हे न कळता मी वर हार्मोन देणार नाही. सगळं बंद करा. रक्त पुन्हा तपासू. ठीक आलं, की माझ्या देखरेखीखाली सुरू करू."

ताईने ती राखाडी पुडी पुन्हा नीट बांधली. मग हळूच म्हणाली, "बंद केलं नि मी परत पयल्यासारखी झाले तर?"

तेव्हा मला कळलं, की ती इतकी वर्षं काय पीत होती. चेहऱ्याचा मऊपणा, आवाजातली हळुवार लय, चालण्यातला डौल, जे काही थोडंफार तिला आरशात आपलं वाटत होतं, ते सगळं त्या पुड्यांचं उसनं आहे असं ती धरून चालली होती.

तरी तिने बंद केलं. चूल थंड झाली. रोज सकाळी ती खिडकीच्या उजेडात आरसा धरून काय काय गेलं ते शोधायची. मी चोरून बघायचे आणि मला रडू यायचं. मग एका सकाळी तिने मला हाक मारली. "ये गो, बघ. काय पण गेलं नाय." आरसा तिने मांडीवर उपडा ठेवला. "म्हंजे पुड्यांचं नव्हतंच ते. माझंच होतं."

रक्त सुधारलं. उपचार सुरू झाले. ताई आता गोळ्या वेळेवर घेते, तपासण्या चुकवत नाही, बरी आहे. पडवीला मात्र वास नाही. खरं सांगू, मला तो आठवतो. तिथून जाताना पाय अजून रेंगाळतात.

पण आठवणी काढून भागणार नाही, म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्या गल्लीतही अशी कुणी आहे. नाही म्हणू नका. तिला आज ताई म्हणा. मग ती काय काय घेते ते विचारा, तिला डॉक्टरकडे न्या, आणि आत नाव पुकारेपर्यंत तिच्या शेजारी बाकावर बसून राहा. लोक बघतील. बघू द्या. उठू नका.